मठाचे दप्तर कोणाचे?

धर्मसंघांची जुनी दप्तरे झाडण्याच्या, लावण्याच्या आणि वाचण्याच्या कामात वर्षे गेली की एक गोष्ट पक्की ध्यानात येते. वरिष्ठांनी वरिष्ठांना लिहिलेले कागद सहसा टिकतात. लहान गावात, रोजच्या गरजेपोटी, स्वस्त वहीत लिहिलेले कागद सगळ्यांत आधी जातात. रोमला गेलेले पत्र दीडशे वर्षांनी जसेच्या तसे हाती येते. ज्या गावाबद्दल ते लिहिले त्या गावची स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, नोंदवही मात्र कसरीने खाल्लेली सापडते, किंवा सापडतच नाही. हा योगायोग नाही. कोणता कागद महत्त्वाचा, हे ठरवण्याच्या आपल्या सवयीचा तो परिणाम आहे. माझे म्हणणे असे की ही सवय उलटी करायला हवी. कॅथलिक धर्मसंघाचे दप्तर जपायचे ते संघाच्या थोरवीसाठी नव्हे. ज्यांची नावे दुसऱ्या फारशा कुठल्या कागदात आली नाहीत, अशा असंख्य माणसांचा तो लेखी पुरावा आहे, म्हणून ते जपायचे. एकदा हे मान्य केले की आधी काय वाचवायचे, ते कुठे ठेवायचे, त्याची सूची कोणत्या भाषेत करायची आणि ते कोणाला दाखवायचे, या चारही प्रश्नांची उत्तरे बदलतात.

पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड या मुद्द्याची चांगली परीक्षा घेतात. पुण्याचा मिशनप्रदेश 1854 मध्ये येशूसंघाच्या, म्हणजे जेज्विटांच्या, जर्मन धर्मगुरूंकडे आला. 1886 मध्ये पुणे हा धर्मप्रांत झाला. 1872 मध्ये बिस्मार्कच्या राजवटीने जेज्विटांना जर्मनीतून घालवले, तेव्हा परदेशातली मिशने हेच त्यांच्यापैकी अनेकांचे कार्यक्षेत्र झाले. त्याच दशकाच्या अखेरीस, मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ, त्यांनी नगर जिल्ह्यात काम सुरू केले. राहुरी तालुक्यातले केंदळ हे त्यांचे ठळक ठाणे. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि पुण्याहून राहुरी-बेलापूरकडे निघालेला माणूस दौंडला गाडी बदलू लागला. दुसरी वाट पुणे-नगर रस्त्याची, घोडनदीकाठच्या शिरूरवरून जाणारी. तिथे कंपनी सरकारच्या काळापासूनची लष्करी छावणी होती. मिशनच्या इतिहासात केंदळला जे स्थान आहे ते या दोन गावांना नाही. म्हणूनच त्यांचा कागद विखुरला आहे. धर्मगुरूंची पत्रे रोमला आणि जर्मनी-स्वित्झर्लंडमधल्या संघाच्या दप्तरांत. संस्कारांच्या वह्या धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशांत, आणि धर्मप्रांताकडे. रेल्वेत नोकरीला आलेल्या गोवेकर कुटुंबांचे मूळ गोव्यातल्या चर्चमध्ये. 1987 मध्ये नाशिक हा वेगळा धर्मप्रांत झाला आणि नगर जिल्हा पुण्यापासून सुटला, त्यामुळे एकाच वाटेवरची ठाणी आज दोन बिशपांच्या कक्षेत विभागली आहेत. शिरूरला काम करणारे अमेरिकन मराठी मिशन प्रॉटेस्टंट. त्याच्या मूळ संस्थेची कागदपत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. शिरूरच्या ख्रिस्ती माणसाला आपल्या पणजोबाचा माग काढायचा तर त्याला किती दारे ठोठवावी लागतील, याचा हिशेब करून पाहावा.

जेज्विटांना कागदाचे महत्त्व कळत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. संघाला पोपची मान्यता मिळाली 1540 मध्ये, फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले 6 मे 1542 रोजी, आणि तेव्हापासून पत्रलेखन हा या संघाच्या शिस्तीचाच भाग आहे. एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती काढून त्या वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या, म्हणजे एक जहाज बुडाले तरी मजकूर पोचावा, ही त्यांची रीत. त्या रीतीचे फळ आज दिसते. जोसेफ विकी या स्विस जेज्विटाने सोळाव्या शतकातली हिंदुस्थानासंबंधीची पत्रे ‘दोकुमेंता इंदिका’ या मालेत 1948 ते 1988 या काळात 18 खंडांत छापली. मधल्या काळात या संघावर काय काय गुदरले ते पाहिले की या टिकण्याचे मोल कळते. 1759 मध्ये पोर्तुगालने आपल्या साऱ्या मुलखातून जेज्विटांना हाकलले, 1773 मध्ये पोपनेच संघ बरखास्त केला, 1814 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. 1835 मध्ये गोव्यातले सर्वच संघांचे मठ बंद झाले. रोमचे मध्यवर्ती दप्तरसुद्धा 1893 मध्ये नेदरलँड्सला हलवावे लागले आणि 1939 मध्ये परत आले. पहिल्या महायुद्धात पुणे-मुंबईच्या जर्मन धर्मगुरूंना नजरकैद आणि परतपाठवणी सोसावी लागली आणि पुढे पुण्याचा भार स्विस जेज्विटांनी उचलला. एवढ्या उलथापालथीतून जे वाचले, त्याच्या बहुधा अनेक प्रती होत्या किंवा ते केंद्राकडे गेलेले होते. गावातली वही एकच असते. ती गेली की गेली.

चर्चच्या कायद्यालाही हा धोका ठाऊक होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये विवाहाची नोंदवही सक्तीची केली. 1917 च्या धर्मविधी संहितेने आणखी एक पाऊल टाकले: धर्मग्रामाच्या नोंदवह्यांची अधिकृत प्रत दरवर्षी बिशपांच्या कचेरीत पाठवावी. पण या नियमातून एक वही वगळली होती. ती म्हणजे कुटुंबवार नोंदीची वही, जिच्यात धर्मगुरू घरोघर फिरून कोणाच्या घरी किती माणसे, कोण कुठे कामाला गेले, कोण आजारी, कोणाचे लग्न व्हायचे आहे, हे टिपून ठेवत. संस्काराच्या दृष्टीने ती दुय्यम, म्हणून तिची प्रत नको. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. नियमातून जे सुटले तेच सर्वांत असुरक्षित ठरले. म्हणून कुठल्याही धर्मग्रामात दप्तराचे काम सुरू करताना पहिला प्रश्न हाच असावा, की अशी वही आहे का आणि ती कोणत्या कपाटात आहे.

या वह्यांत असते तरी काय, हे एका पानावरून पाहू. स्नानसंस्काराची नोंद लॅटिन साच्यात बसवलेली असते: संस्काराची तारीख, मुलाची जन्मतारीख, दिलेले नाव, आईबापांची नावे, राहण्याचे गाव, बापाचा धंदा, धर्ममातापित्यांची नावे आणि शेवटी संस्कार देणाऱ्याची सही. समासात मोकळी जागा ठेवलेली, कारण तेच मूल मोठे होऊन लग्नाला उभे राहिले की त्या विवाहाची नोंद इथे येऊन बसते. म्हणजे एका ओळीत जन्म आणि वीस-पंचवीस वर्षांनी वेगळ्या शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात, कदाचित वेगळ्या देशातून आलेल्या माणसाने घातलेली भर. रेल्वेच्या गावात धंद्याच्या रकान्यात फायरमन, गार्ड, फिटर, शंटर असे शब्द एकाखाली एक येतात आणि त्या रकान्यातून गावच्या लोहमार्गाचा इतिहास वाचता येतो. खेड्यातल्या नोंदीत गावाचे नाव परदेशी कानाने ऐकले तसे उतरलेले असते. दौंडचे ‘धोंड’ होते, शिरूरचे कधी ‘सिरूर’ तर कधी नुसती ‘घोडनदी’. सूची करणाऱ्याने हे सारे एका ओळीत आणले नाही तर एकाच घराण्याची तीन घराणी होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आईचे नाव. त्या काळच्या महसुली कागदांत बाई बहुतेक दिसतच नाही. इथे ती दर नोंदीत आहे, स्वतःच्या नावाने आहे, आणि धर्ममाता म्हणून शेजारीणही आहे. भूमिहीन घरातल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईचे नाव शंभर-सव्वाशे वर्षे टिकून राहावे, अशी दुसरी जागा या भागात क्वचितच असेल.

शेजारच्या कपाटात जे असते तेही असेच. दुष्काळाच्या सालातल्या किराणा-धान्याच्या हिशेबवह्या, वसतिगृहातल्या मुलांची हजेरी, विहीर खणण्याचा खर्च, धर्मशिक्षकांचे पगार, जमिनीची खरेदीखते. एकाच पेटीत लॅटिन, जुन्या वळणाची जर्मन लिखावट, पोर्तुगीज, इंग्रजी, रोमी लिपीतली कोंकणी, देवनागरी मराठी आणि मोडी एकमेकांवर रचलेले. यातले सगळे वाचू शकेल असा एकटा माणूस मिळणे दुरापास्त. त्यामुळे ज्याला जे वाचता येते त्याला तेच महत्त्वाचे वाटते आणि इंग्रजी पत्रे वर, मोडी कागद तळाशी, अशी उतरंड आपोआप लागते. जर्मन जेज्विट हेन्री डोरिंग यांनी 1903 मध्ये केंदळहून सुरू केलेले ‘निरोप्या’ हे मराठी मासिक याच दप्तराचे सख्खे भावंड मानायला हवे. डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले, आणि त्यांच्या बिशपपदाचे कागद जपावेत हे कोणालाही पटते. त्यांनी सुरू केलेल्या मासिकाचे स्वस्त कागदावर छापलेले, खेड्यापाड्यांतल्या बातम्या असलेले जुने अंक जपावेत हे पटवून द्यावे लागते.

कागद आणि निरक्षर माणूस यांच्या नात्याबद्दल या भागाला जो अनुभव आहे तो विसरून चालणार नाही. 12 मे 1875 रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि पाठोपाठ भीमथडी, शिरूर, इंदापूर, पारनेर, श्रीगोंदा या पट्ट्यात दंगे पसरले. लोकांनी मागितले ते धान्य किंवा दागिने नव्हेत. मागितले रोखे, खतपत्रे, हुकूमनामे, आणि हाती पडताच ते जाळले. ज्याला वाचता येत नाही त्याच्याबद्दल दुसऱ्याने लिहून ठेवलेला कागद त्याच्या मानेवर बसतो, हे त्यांना नीट कळले होते. आता याच शिरूर तालुक्यातल्या भीमा कोरेगावकडे पाहा. 1 जानेवारी 1818 रोजी शिरूरच्या छावणीतून निघालेल्या फौजेची तिथे लढाई झाली आणि कंपनी सरकारने आपल्या विजयाचा स्तंभ उभारला. त्यावर कोरलेल्या नावांत शेवटी ‘नाक’ असलेली महार शिपायांची नावे आहेत. 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आज दरवर्षी लाखो लोक जातात. ती यादी कंपनीने केली ती स्वतःसाठी, पण ज्यांची नावे होती त्यांच्या वंशजांनी ती वाचली आणि आपली केली. एकीकडे जाळलेले रोखे, दुसरीकडे डोक्यावर घेतलेली यादी. दोन्ही कागद परक्या हातांनी, परक्या हेतूने लिहिलेले. फरक पडला तो वाचण्याच्या अधिकाराने. मिशनच्या नोंदवह्या या दोहोंच्या मध्ये आहेत. कपाटात बंद राहिल्या तर त्या रोख्यांच्या जातीच्या. उघडून वाचता आल्या तर कोरेगावच्या यादीच्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: हे धर्मांतराचे दप्तर आहे, लिहिणाऱ्याने स्वतःच्या बाजूने लिहिले आहे, त्यावर किती विसंबायचे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दप्तरातच आहे. जेज्विट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी पत्रे लिहिताना दोन भाग करायला सांगितले होते. चारचौघांना दाखवता येईल असा मजकूर मुख्य पत्रात, आणि अडचणी, भांडणे, उणिवा वेगळ्या पुरवणी कागदावर. म्हणजे कोणता कागद दाखवण्यासाठी आणि कोणता कामासाठी, हे लिहिणाऱ्यांनीच सांगून ठेवले. युरोपातल्या मिशन-मासिकांतून छापलेला वृत्तान्त देणगीदारांसाठी असे. त्यात यशाचा सूर मोठा असणारच. हिशेबवही देणगीदारासाठी लिहिलेली नसते. बाजरीचा भाव चढवून लिहिण्यात कोणाचा फायदा नव्हता, आणि रात्री किती मुले जेवली हा आकडा फुगवला तर दुसऱ्या दिवशी कोठीचा मेळ बसला नसता. म्हणून पक्षपाताची भीती जितकी खरी, तितकी ती लहान कागद आधी जपण्याच्या बाजूची आहे. पत्राची परीक्षा वहीने करायची, आणि वहीच नसेल तर पत्राला आव्हान देणारे कोणी उरत नाही.

याचा सर्वांत चांगला दाखला दौंड तालुक्यातच आहे, जरी तो रोमन कॅथलिक संघाचा नसून वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाचा आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, याच भगिनींच्या मठात राहिल्या, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारून 1922 मध्ये तिथेच त्यांचे देहावसान झाले. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. धर्मतत्त्वांवरून, आज्ञापालनावरून, रमाबाईंची मुलगी मनोरमा हिच्या शिक्षणावरून दोघींचे कडाक्याचे मतभेद झाले आणि रमाबाईंनी ते पत्रांतून निर्भीडपणे मांडले. आपल्याला आणि आपल्या संघाला अडचणीची ठरतील अशी ती पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी फाडली नाहीत. संकलित करून ठेवली. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकातली एक मराठी स्त्री चर्चच्या अधिकारापुढे स्वतःच्या विवेकबुद्धीचा हक्क कसा मांडते, हे आज आपल्याला तिच्याच शब्दांत वाचता येते, कारण एका जोगिणीने आपल्या टीकाकाराचा कागद जपला. धर्मसंघाच्या दप्तराचा कस इथे लागतो. जे दप्तर फक्त गौरव जपते ते स्मरणिका छापायला पुरते. इतिहासाला पुरत नाही.

कागद मरतो कसा, याबद्दल समज बरेच आणि माहिती कमी. कोकण-गोव्यात शत्रू दमट हवा आणि बुरशी. शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला. इथे शत्रू उष्णता, धूळ आणि वाळवी. जुना चिंध्यांपासून केलेला कागद दोन-तीनशे वर्षे सहज काढतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यातल्या आम्लाने तो आतूनच पिवळा आणि कुरकुरीत होतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात घडीवर तुटतो. म्हणजे 1790 च्या कागदापेक्षा 1910 ची वही अधिक धोक्यात असते, आणि जुने ते आधी वाचवू या हा साधा तर्क फसतो. मायफळ आणि हिराकशीच्या शाईने लिहिलेली अक्षरे कालांतराने कागद जाळत जातात. पान उजेडासमोर धरले तर अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक दिसते. ते पान झटक्याने उलटले तर ओळच्या ओळ खाली गळते. तरीही या नैसर्गिक कारणांपेक्षा जास्त नुकसान चांगल्या हेतूने होते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावतात. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा डिंक तपकिरी डाग होऊन कागदात मुरतो. नोंदवही टिकावी म्हणून तिच्या पानांना प्लास्टिकचे आवरण चढवतात. आतले आम्ल आतच कोंडते आणि आवरण काढायचे तर शाई निघते. जुन्या शिवणीची वही नव्याने बांधताना समास कापतात आणि समासातल्या विवाहाच्या नोंदी कात्रीखाली जातात. डांबरगोळ्या टाकून कपाट वर्षानुवर्षे बंद ठेवतात. वाळवी भिंतीतून येते, तिला डांबरगोळ्यांशी देणेघेणे नसते. कपाट भिंतीपासून वीतभर दूर सरकवणे, खालचा खण रिकामा ठेवणे, पिना-टाचण्या काढणे, दर दोन-तीन महिन्यांनी दार उघडून झाडणे, आणि डागडुजी करायचीच तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरणे, जेणेकरून पुढच्याला ती पाण्याने सोडवता येईल. एवढ्या साध्या शिस्तीने बहुतेक दप्तर वाचते. पुढे सोडवता येणार नाही असे काही कागदावर करायचे नाही, हा या कामातला पहिला धडा.

दुसरा धडा असा की दप्तरावर घाला पडण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. धर्मगुरूंची बदली होते आणि नव्या माणसाला खोली हवी असते. जुनी इमारत पाडून नवी उभी राहते आणि माळ्यावरच्या पेट्या ‘तूर्त’ म्हणून गोदामात जातात. शतकमहोत्सव येतो, स्मरणिकेसाठी जुने फोटो आणि कागद अल्बममधून, फायलींतून बाहेर काढले जातात, आणि कार्यक्रम संपल्यावर ते कोणाकडे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. दुष्टपणा यात कुठेच नाही. पण कागदाचा अर्थ त्याच्या शेजारच्या कागदावर अवलंबून असतो. पावती कोणत्या पत्राला टाचली होती हे गेले की पावती मुकी होते. म्हणून दप्तर विषयवार ‘नीट लावण्याचा’ मोह आवरावा लागतो. ज्याने ठेवले त्याने ज्या क्रमाने ठेवले तोच क्रम राखायचा आणि सोय हवी ती सूचीत करायची. पेशवे दप्तरातले रुमाल ज्यांनी हाताळले त्यांना हे सांगावे लागत नाही.

आता दुसरा आक्षेप: सगळे स्कॅन करून टाका, मग मूळ वह्यांचे ओझे कशाला? स्कॅन करावेच, प्रती जितक्या जास्त तितके बरे, हे जेज्विटांच्या जहाजांनीच शिकवले आहे. पण स्कॅन ही प्रत आहे, आणि प्रतीलाही सांभाळावे लागते. हार्डडिस्क बंद पडते, फायलीचा साचा कालबाह्य होतो, ‘इमेज 0417’ असे नाव दिलेल्या हजारो चित्रांत हवी ती नोंद शोधणे कपाटात शोधण्याहून अवघड होते. शिवाय शाई बदलली कुठे, खाडाखोड आधीची की नंतरची, पान नंतर चिकटवले आहे का, हे वय किंवा जमिनीच्या हक्काच्या वादात निर्णायक ठरणारे प्रश्न मूळ कागदच सोडवतो. सूची नसलेला स्कॅन म्हणजे कपाटाचे कुलूप बदलणे होय. पैसा आणि माणसे मर्यादित असतील तर माझा कौल आधी सूचीला, मग स्कॅनला.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान गावात जाणकार माणूस नाही, अग्निशमन नाही, मग हे कागद पुण्याला, मुंबईला किंवा सरळ युरोपात सुरक्षित का ठेवू नयेत? सुरक्षिततेची गरज खरी आहे. संकट असेल तर कागद हलवावाच. पण एकदा गेलेला कागद सहसा परतत नाही आणि ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्या आवाक्यातून सुटतो. वि. का. राजवाडे वाड्या-वाड्यांतून कागद गोळा करत हिंडले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापत गेले, 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्यांनी कागद मिळवला तो इथल्या वाचकासाठी आणि इथल्या भाषेत. ब्रिटिश लायब्ररीने 2004 मध्ये सुरू केलेल्या संकटग्रस्त दप्तरांच्या उपक्रमाचाही नियम हाच की मूळ कागद देशाबाहेर न्यायचा नाही, प्रत घ्यायची. आणि कागद जागेशी जोडला की काय घडते, याचा दाखला जुन्या गोव्यात आहे. 1624 मध्ये शिराझला मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवन यांच्या अस्थी ऑगस्टिनियन संघाच्या साधूंनी गोव्यात आणल्या. मठाच्या कोणत्या दालनात, कोणत्या खिडकीजवळ त्या ठेवल्या, हे पोर्तुगीज कागदांत लिहिलेले होते. मठ पडला, पण तो मजकूर आणि ते अवशेष जुळवून पाहणाऱ्यांना अस्थी सापडल्या, हैदराबादला त्यांची जनुकीय तपासणी झाली आणि 2021 मध्ये भारताने त्यांचा एक भाग जॉर्जियाला दिला. दूरचे दप्तर आणि जवळची जागा दोन्ही लागतात. माझा मार्ग मधला आहे: मूळ वह्या जिल्ह्यात, पुण्यातल्या धर्मप्रांताच्या किंवा संघाच्या चांगल्या खोलीत, प्रत गावात, आणि परदेशातल्या कागदांच्या प्रती इकडे मागवायच्या.

चौथा आक्षेप खुलेपणाचा. या वह्यांत अनौरस जन्म आहेत, मोडलेली लग्ने आहेत, जातीचे उल्लेख आहेत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीच्या सवलतींतून वगळले आहे, आणि जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्यामुळे आजोबांच्या नावापुढची एक ओळ नातवाच्या नोकरीला आधार देऊ शकते आणि बाधाही आणू शकते. हा कागद कोणाच्याही हाती सरसकट द्यावा असे मी म्हणणार नाही. पण धोका आहे म्हणून कुलूप, हे उत्तर नव्हे. चर्चच्या 1983 च्या संहितेत जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक जपण्याचे आणि इतिहासविषयक दप्तर उभारण्याचे कलम आहे. व्हॅटिकनने 1997 मध्ये काढलेल्या पत्रकाने दप्तर जपणे हे चर्चच्या सेवाकार्याचेच अंग ठरवले, आणि 2020 मध्ये पोप बारावे पायस यांच्या काळातले कागद अभ्यासकांना खुले झाले. म्हणजे मुदतीचा नियम करता येतो. अलीकडच्या काही दशकांच्या वह्या बंद, त्यापूर्वीच्या अभ्यासकाला खुल्या, आणि स्वतःच्या कुटुंबाची नोंद मागणाऱ्याला ती केव्हाही मिळावी. नियम लेखी असावा आणि दारावर लावलेला असावा. खासगी दप्तरांना 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू होत नाही, म्हणून तर संघांनी स्वतःहून असा नियम घालून घ्यावा.

शेवटचा आक्षेप ऐकायला सर्वांत टोचतो: आधी पोटोबा, मग विठोबा. शाळेचे छप्पर गळते आहे, कागदावर पैसा का घालवायचा? ज्या संघांनी दुष्काळात आधी धान्य वाटले आणि मग वही भरली, त्यांच्याच माणसांनी हे विचारावे हे समजण्यासारखे आहे. पण ते वही भरत होते, हेही विसरू नये. वर सांगितलेल्या शिस्तीला पैसा फार लागत नाही. लागते ती एका माणसाची जबाबदारी आणि नियमित वेळ. आणि कागद पोटाशी जोडलेलाच असतो. जमिनीचे मोडीतले खरेदीखत हरवले की कज्जा उभा राहतो. जन्मनोंदणीचा 1969 चा कायदा येण्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांना वयाचा पुरावा म्हणून स्नानसंस्काराचा दाखलाच मिळतो. निवृत्तिवेतन, वारसा, शाळाप्रवेश या सगळ्याच्या मुळाशी ती एक ओळ असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शिरूर, दौंड आणि नगरच्या वाटेवरच्या प्रत्येक धर्मग्रामात असलेल्या वह्यांची यादी व्हावी आणि ती मराठीत व्हावी, लॅटिन वा इंग्रजीत नव्हे. पुणे आणि नाशिक या दोन धर्मप्रांतांनी ती एकत्र जोडावी. पुण्यात मोडी शिकवणारे आहेत, लॅटिन जाणणारे धर्मशास्त्राचे अभ्यासक आहेत, पेशवे दप्तर आणि इतिहास संशोधक मंडळाचा अनुभव आहे. या मंडळींनी एका टेबलाशी बसावे. आणि यादी झाल्यावर तिची प्रत गावात, चर्चच्या कचेरीत, मागेल त्याला दिसेल अशी ठेवावी. दप्तर सुरक्षित आहे की नाही हे त्याच्या कपाटावरून, तापमापकावरून किंवा स्कॅनरवरून ठरवू नये. घोडनदीच्या किंवा दौंडच्या कोणा मुलीने आपल्या पणजीचे नाव विचारले आणि तिला ते तिच्या भाषेत, तिच्या जिल्ह्यात, कोणाच्या मेहेरबानीशिवाय मिळाले, तर ते दप्तर जपले गेले असे म्हणावे. तोवर ते केवळ साठवलेले आहे.